सायप्रसमध्ये हिवाळी पक्षीनिरीक्षण: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला असलेलं सायप्रस बहुतेकांना उन्हाळ्यातल्या किनाऱ्यांसाठी माहीत असतं. पक्षी पाहणाऱ्यांनी मात्र तिथे हिवाळ्यात जावं. उन्हाळ्यात इथली मोठी खारी सरोवरं कोरडी ठणठणीत असतात आणि वर मिठाची पांढरी साय धरलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसाने ती भरतात, आणि मग रोहित, बदकं, चिखल्या, कुरव असे सगळे उतरतात. गर्दी नसते, खोल्या सहज मिळतात, आणि बेट लहान (९,२५१ चौरस किलोमीटर) असल्यामुळे सकाळी समुद्रकाठ आणि दुपारी बर्फातली पाइनची झाडं असा दिवसही जमतो.

नवख्यांची फसगत बहुधा एकाच ठिकाणी होते. ते पक्ष्यांची यादी घेऊन येतात आणि रोज नव्या जागी धावतात. इथला हिवाळा पाण्यावर चालतो. कुठल्या तळ्यात किती पाणी आहे आणि सूर्य कुठल्या बाजूला आहे, या दोन गोष्टी सांभाळल्या तर चार-पाच जागांत सहल भरून निघते. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

१. महिना निवडा

पहिल्या सहलीसाठी १० जानेवारी ते २० फेब्रुवारी हा काळ धरा. तोपर्यंत सरोवरांत पुरेसं पाणी साचलेलं असतं आणि रोहितांची संख्या सहसा याच आठवड्यांत सर्वांत जास्त असते.

नोव्हेंबरमध्ये पहिला पाऊस झाला की रोहित लगेच येतील असं समजू नका. त्यांचं इथलं मुख्य खाणं म्हणजे आर्टेमिया नावाची खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी. तिची अंडी कोरड्या गाळात पडून राहतात, पाणी आल्यावर फुटतात, आणि कोळंबी वाढायला काही आठवडे जातात. पाऊस उशिरा आला तर सगळंच पुढे ढकललं जातं. इथल्या दोन मुख्य खाऱ्या सरोवरांपैकी एखाद्या वर्षी लार्नाका कोरडं आणि आक्रोतिरी भरलेलं असतं. कधी अतिपावसाने पाणी इतकं चढतं की काठावर चरणाऱ्या चिखल्यांना जागाच उरत नाही. म्हणून निघण्याआधी दोन आठवडे ई-बर्डवर (पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात ते संकेतस्थळ) लार्नाका आणि आक्रोतिरीच्या ताज्या नोंदी बघा आणि कुठे किती रात्री राहायचं ते त्यावरून ठरवा. खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गेलात तर हिवाळी पक्षी थोडे कमी होतात, पण मोठा ठिपकेदार कोकीळ आणि पहिल्या पाकोळ्या परतू लागलेल्या असतात, शिवाय रानफुलं आणि ऑर्किड उमलतात. मार्चमध्ये वसंतातलं स्थलांतर सुरू होतं. ती वेगळी सहल आहे.

काही पक्षी हिवाळ्यात इथे नसतातच, त्यांची आशा ठेवू नका. सायप्रस व्हीटिअर हा फक्त याच बेटावर वीण करणारा पक्षी, पण हिवाळ्यात तो आफ्रिकेत असतो. आक्रोतिरीच्या कड्यांवर घरटी करणारा एलेनोराचा ससाणाही शरदातच निघून जातो.

२. कागदपत्रं, आणि बेटाची फाळणी

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांनी हे जमवा:

- परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट
- सायप्रसचा अल्पमुदतीचा व्हिसा, किंवा चालत असल्यास दोन वा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा
- परतीचं तिकीट, राहण्याची आरक्षणं, बँकेचे उतारे, नोकरी असल्यास रजेचं पत्र
- प्रवासी वैद्यकीय विमा
- गाडी चालवणार असाल तर मूळ परवाना आणि आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना
- क्रेडिट कार्ड, चालकाच्याच नावाचं

सायप्रस २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण तेवढ्यावरून कुठलाही शेंगेन व्हिसा चालेल असं धरू नका. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर विमानतळावरून परत फिरावं लागू शकतं. हे नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या सायप्रसच्या उच्चायोगाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा. इंग्लंडमध्ये किंवा आखातात राहणाऱ्यांनी आपल्या राहण्याच्या देशातल्या वकिलातीचा नियम पाहावा.

दुसरा सापळा अधिक गंभीर आहे. १९७४ पासून बेट दुभंगलेलं आहे: उत्तर भाग तुर्की नियंत्रणात, दक्षिण सायप्रस प्रजासत्ताकाकडे. उत्तरेकडचा एरजान विमानतळ नकाशावर जवळ दिसतो आणि तिथली तिकिटं स्वस्त मिळतात, पण तिथून बेटावर उतरणं सायप्रस प्रजासत्ताक बेकायदा मानतं. लार्नाका किंवा पाफोस याच विमानतळांवर उतरा. भारतातून बहुधा दुबई, अबू धाबी, दोहा अशा ठिकाणी विमान बदलून यावं लागतं. पक्ष्यांसाठी लार्नाका सर्वांत सोयीचं, कारण सरोवर धावपट्टीला लागूनच आहे.

दक्षिणेत भाड्याने घेतलेल्या गाडीचा विमा उत्तरेत लागू होत नाही. पहिल्या सहलीत उत्तरेचा विचार सोडा. पूर्वेला केप ग्रेकोच्या बाजूला फोन आपोआप उत्तरेकडचं तुर्की नेटवर्क पकडू शकतो आणि रोमिंगचं बिल फुगतं, म्हणून तिथे नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

३. सामान

दुर्बीण: ८×४२. १०×४२ ही चालेल, पण सरोवरकाठी वारा असतो आणि दहापटीत हात हलतो.

टेलिस्कोप: इथे याच्यावर पैसे आणि वजन दोन्ही खर्च करा. भिगवणला नावाडी आपल्याला रोहितांच्या जवळ नेतो. इथे नाव नाही, आणि पाण्यात उतरायचं नाही. पक्षी दोनशे मीटरपासून एक किलोमीटरपर्यंत कुठेही असतात. ६५ ते ८५ मिमी भिंगाचा, २० ते ६० पट वाढवणारा टेलिस्कोप पुरतो. साठ पटीत वाऱ्याने चित्र थरथरतं, त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक काम ३० पटीच्या आसपास होतं. ट्रायपॉड हलका घेतलात तर त्याला पिशवी लटकवून जड करा आणि मधला दांडा वर काढू नका. दोघं-तिघं मिळून जात असाल तर एक टेलिस्कोप सर्वांना पुरतो.

कॅमेरा: ४०० मिमीच्या खाली निराशाच होते. झुडपांतल्या पक्ष्यांना ५०० किंवा ६०० मिमी बरा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच ठेवाव्या लागतात, ट्रायपॉड मोठ्या बॅगेत टाका.

कपडे: जानेवारीत किनाऱ्यावर दुपारी १७ अंशांच्या आसपास आणि पहाटे सात-आठ अंश. आकडा सौम्य वाटतो, पण उघड्या सरोवरावर वाऱ्यात दोन तास उभं राहिल्यावर बोटं आखडतात. पातळ थर, वारा अडवणारं जॅकेट आणि भिंग फिरवता येईल असे पातळ हातमोजे घ्या. बूट पाणी न शिरणारे हवेत. खाऱ्या चिखलाने चामडं तडकतं, म्हणून रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. ट्रायपॉडचे पायही धुवा, नाहीतर सांध्यांत मीठ बसून ते अडकतात.

प्लग: ब्रिटिश पद्धतीचे तीन चपट्या पिनांचे. आपले गोल पिनांचे प्लग बसत नाहीत, अडॅप्टर न्या.

ड्रोन घरी ठेवा. दोन्ही मुख्य सरोवरं विमानतळाला लागून आहेत, शिवाय त्याने थवे उधळतात.

४. गाडी

लार्नाका शहरातून मोठ्या सरोवराच्या काठापर्यंत चालत जाता येतं आणि शहरं बसने जोडलेली आहेत. तरी आक्रोतिरीसाठी आणि पश्चिमेसाठी गाडी लागतेच. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, फलक किलोमीटरमध्ये, ग्रीक आणि इंग्रजीत. महामार्गावर मर्यादा ताशी १०० किलोमीटर. लार्नाका ते लिमासोल साधारण ६५-७० किलोमीटर, तिथून पाफोस जवळजवळ तेवढंच.

गाडी ताब्यात घेताना विम्याच्या अटींत कच्च्या रस्त्यांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. बऱ्याच करारांत कच्च्या वाटेवर गाडीच्या खालच्या भागाचं आणि टायरचं नुकसान विम्यात धरलेलं नसतं. पक्ष्यांच्या जागा मात्र नेमक्या अशाच वाटांवर आहेत. सरोवराच्या काठाची पांढरी, सपाट, कोरडी दिसणारी जमीन फसवी असते. मिठाचा थर दोन-तीन सेंटीमीटर आणि खाली काळा गाळ. चाक रुतलं की गाडी मागेपुढे करून आणखी खोल जाते. नियम सोपा आहे: टायरच्या ताज्या खुणा नसतील तिथे गाडी नेऊ नका, आणि पावसानंतर दोन दिवस खुणा असल्या तरी नेऊ नका.

५. लार्नाका: तीन रात्री

इथे एकच सरोवर आहे असं समजून लोक एका जागी थांबतात. खरं तर हा चार सरोवरांचा समूह आहे: मोठं आलिकी, त्याच्या दक्षिणेला ओर्फानी आणि सोरोस, आणि विमानतळाजवळचं एक. २००१ पासून हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

सकाळ, साडेसहा ते दहा: मोठ्या सरोवराची पूर्व बाजू, म्हणजे शहर आणि विमानतळ यांना जोडणारा आर्तेमिदोस रस्ता. सूर्य पाठीमागे असतो आणि पश्चिमेकडचं सगळं पाणी उजळतं. जानेवारीच्या मध्यात सूर्य सातला काही मिनिटं असताना उगवतो. रस्त्यावर वाट्टेल तिथे गाडी थांबवू नका, ठरलेल्या जागी लावून पायवाटेने चाला.

दुपार, दोन ते साडेचार: पश्चिम काठावरचं हाला सुलतान तेक्के. खजुरांच्या झाडीत मशीद, समोर सरोवर, पलीकडे शहर. छायाचित्रांत हीच जागा दिसते म्हणून बरेच जण सकाळी इथे येतात, आणि समोरून येणाऱ्या उन्हात रोहितांच्या काळ्या आकृत्याच दिसतात. दुपारी या. हे मुस्लिमांचं महत्त्वाचं तीर्थस्थान आहे. आत जायचं तर चपला काढाव्या लागतात, अंग झाकलेले कपडे हवेत. आवारातल्या झाडांवर थिरथिरा, युरोपियन रॉबिन, चिफचॅफ, कधी सिस्किन दिसतात. जानेवारीच्या मध्यात सूर्य पाच वाजण्याच्या आतच मावळतो, डिसेंबरात तर त्याहून वीसेक मिनिटं आधी. दुपारचं जेवण लांबवलं की दिवस गेला.

रोहितांचा थवा पाहताना एकेका पक्ष्याच्या पायाकडेही बघा. काहींच्या पायात रंगीत प्लास्टिकची अक्षरं असलेली कडी असतात. कड्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरांचा क्रम आणि डावा की उजवा पाय, एवढं लिहून घ्या. पक्षी कुठून आला ते यावरून कळू शकतं. राखाडी-तपकिरी पक्षी म्हणजे पिल्लावस्थेतले रोहित. ठाण्याच्या खाडीत पाहिलेल्या छोट्या रोहितांची सवय असेल तर लक्षात ठेवा, इथे सगळे मोठे रोहित आहेत: फिकट अंग, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं.

थवा मान ताठ करून एकाच दिशेने चालू लागला की तुम्ही हवं त्यापेक्षा जवळ आला आहात. तिथेच थांबा, दहा पावलं मागे या. उडालेला रोहित आधी पाण्यावर बराच धावतो आणि त्यात त्याची खूप शक्ती जाते. या सरोवराला जुनी जखमही आहे. जवळच्या, केव्हाच बंद झालेल्या नेमबाजीच्या मैदानातले शिशाचे छरे तळाच्या गाळात आहेत. खडे गिळताना पक्षी तेही गिळतात. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत जोरदार पावसाने गाळ ढवळला गेल्यावर इथे ९६ रोहित मेलेले आढळले. काठाने चालताना गाळ तुडवू नका, असं सांगायला हे कारण पुरे आहे.

ओरोक्लिनी: शहराच्या ईशान्येला, महामार्गाजवळचं छोटं तळं. इथे लपण (आत बसून पक्षी पाहण्याची खोपी) आहे आणि पक्षी जवळ दिसतात, म्हणून टेलिस्कोप नसणाऱ्यांनी पहिली सकाळ इथेच घालवावी. थापट्या, चक्रांग, शेकाट्या आपल्याकडचेच. नवी आहे ती काटेरी पंखांची टिटवी: काळी टोपी, पांढरे गाल, काळी छाती.

मेनेऊ आणि स्पिरोस किनारा: विमानतळाच्या दक्षिणेची डबकी आणि किनारपट्टी. केंटिश चिखल्या आणि मोठा वाळू चिखल्या यांसाठी. कोकणच्या किनाऱ्यावर हे पाहिले असतील, पण युरोपातून येणारे पक्षीनिरीक्षक मोठ्या वाळू चिखल्यासाठी मुद्दाम इथे थांबतात. विमानतळाच्या कुंपणाकडे कॅमेरा वळवू नका.

एक सकाळ जास्तीची असेल तर केप ग्रेको, सुमारे ५५ किलोमीटर पूर्वेला. खडकाळ, बुटक्या झुडपांचं टोक: निळा कस्तुर, स्पेक्टेकल्ड वॉर्बलर, सायप्रस वॉर्बलर, चुकार (तित्तिरासारखा पक्षी). आठच्या आत पोहोचा. नंतर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते.

६. आक्रोतिरी: दोन-तीन रात्री लिमासोलला किंवा कोलोसी गावात

आक्रोतिरीचा द्वीपकल्प ब्रिटिश सार्वभौम तळाच्या हद्दीत येतो. आत-बाहेर जाताना तपासणी नसते, म्हणून आपण लष्करी क्षेत्रात आहोत हे लक्षातही येत नाही. टोकाला हवाई दलाचा तळ आहे. तिथले दरवाजे, कुंपण, अँटेना, विमानं यांच्या दिशेने टेलिस्कोप किंवा लांब लेन्स रोखणं म्हणजे चौकशीला आमंत्रण. पोलिसांनी हटकलं तर शांतपणे पक्ष्यांचं पुस्तक आणि टिपलेले फोटो दाखवा. पासपोर्ट जवळ ठेवा.

सुरुवात आक्रोतिरी गावातल्या पर्यावरण शिक्षण केंद्रापासून करा. गाव सरोवराच्या दक्षिणेला आहे, तुम्ही उत्तरेकडे बघता, त्यामुळे हिवाळ्यातला दक्षिणेकडून कललेला सूर्य दिवसभर पाठीशी राहतो. इतर जागांचं प्रकाशाचं गणित इथे नाही, म्हणून दिवसाचे मधले तास इथे लावा. उघडण्याची वेळ आधी विचारून घ्या.

सकाळचा पहिला तास झकाकीच्या डबक्याला द्या, लिमासोल बंदराच्या बाजूला. लपणीत शांत बसा. वेताच्या कडेला पाणकोंबडी बाहेर येईल, मग शंकर म्हणजे निळ्या गळ्याचा छोटा पक्षी, खंड्या, पाणलावा. वेतात कुठे बारीक शिट्टी आली तर पेंडुलिन टिट शोधा, पाणकणसाच्या बोंडावर लटकलेला. दहा मिनिटांत उठून जाणाऱ्याला इथे काहीच दिसत नाही, तासभर बसणाऱ्याला बरंच दिसतं.

लेडीज माइल हा द्वीपकल्पाच्या पूर्वेचा लांब किनारा. एका हाताला समुद्र आणि कुरव, दुसऱ्या हाताला सरोवराचा काठ आणि चिखल्या. सकाळीच जा. इथल्या वाळूच्या वाटांवर खाऱ्या पाण्याची डबकी साचतात आणि गाड्या रुततात, तेव्हा पक्क्या भागात गाडी ठेवून पायी हिंडा.

संध्याकाळी फासूरीची दलदल. संत्र्या-लिंबांच्या बागा आणि सुरूच्या उंच रांगांमधून रस्ता जातो. निरीक्षण मनोऱ्यावर चारला पोहोचा आणि मावळेपर्यंत हलू नका. दलदली हॅरियर हे शिकारी पक्षी विश्रांतीला एकेक करून वेतावर घिरट्या घालत येतात, त्यांत हेन हॅरियर शोधा: निमुळते पंख आणि कमरेवर ठळक पांढरा पट्टा. काळ्या तित्तिराची करकरीत हाक इथे ऐकू येते. तो उघड्यावर क्वचित येतो, हाकेच्या दिशेने बांधाचा माथा न्याहाळा.

७. पाफोस आणि त्रोओदोस

पश्चिमेला जायचं मुख्य कारण फिन्शचा व्हीटिअर. हा इथे फक्त हिवाळ्यात येतो, आणि पाफोसजवळची अनारिता पार्क नावाची खडकाळ चराऊ माळरानं त्याच्यासाठी प्रसिद्ध आहेत. दगडांच्या ढिगांवर आणि कुंपणाच्या खांबांवर पाहा. तिथेच पिंगळा आणि चुकारही मिळतात. वाटा कच्च्या आहेत, पाऊस पडून गेला असेल तर बेत पुढे ढकला.

पाफोसचं टोक म्हणजे पुरातत्त्व उद्यान. सोनचिखल्या, चंडोल, तीरचिमण्या मोकळ्या गवतावर असतात. तिकीट लागतं आणि दार उजाडताच उघडत नाही, त्यामुळे पहाट दुसरीकडे घालवा. लिमासोलहून पाफोसला जाताना एपिस्कोपीजवळच्या केन्सिंग्टन कड्यांवर ग्रिफन गिधाडं बघा. बेटावर ती अगदी थोडी उरली आहेत, मुख्यतः विषबाधेमुळे, आणि संख्या सावरण्यासाठी स्पेनमधून गिधाडं आणून सोडली गेली आहेत. कड्याच्या काठाजवळ जाऊ नका, दगड ठिसूळ आहे.

त्रोओदोस पर्वतासाठी एक दिवस ठेवा. ऑलिंपस शिखर १,९५२ मीटर उंच आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीत वर बर्फ असतं. निघण्याआधी पोलिसांची रस्त्यांबद्दलची सूचना वाचा, काही रस्ते बंद असतात किंवा चाकांना साखळ्या लागतात. त्रोओदोस चौकाजवळच्या सहलीच्या जागांत फक्त या बेटावरच आढळणाऱ्या चार उपजाती मिळतात: कोल टिट, आखूड नख्यांचा ट्रीक्रीपर, जे, आणि क्रॉसबिल. क्रॉसबिल शोधताना वर बघण्याआधी खाली बघा. पाइनच्या कुरतडलेल्या शंकूंचा सडा आणि वरून बारीक तुकडे पडत असतील तर थवा डोक्यावर आहे.

सायप्रस स्कॉप्स हे छोटं घुबड वर्षभर इथेच असतं. फेब्रुवारीपासून डोंगरातल्या गावांत अंधार पडल्यावर त्याची एकसुरी हाक ऐकू येण्याची शक्यता वाढते. त्याच्या मागे टॉर्च घेऊन फिरू नका.

८. कुठे गोंधळ होतो

सायप्रस वॉर्बलर आणि सार्डिनियन वॉर्बलर एकाच झुडपात असतात. दोघांच्या नराचं डोकं काळं. फरक पोटाखाली आहे: सार्डिनियनचा गळा स्वच्छ पांढरा, पोट साधं राखाडी आणि डोळ्याभोवती लाल कडं. सायप्रस वॉर्बलरच्या गळ्यापासून पोटापर्यंत काळे खवलेदार ठिपके, गालाखाली पांढरी मिशी, आणि शेपटीखालची पिसंही ठिपक्यांची. मादी आणि लहान पक्ष्यांवर ठिपके इतके पुसट असतात की शेपटीखालचा भाग दिसेपर्यंत नाव लिहू नका.

फिन्शच्या व्हीटिअरच्या नराचा काळा गळा सरळ काळ्या पंखाला जाऊन मिळतो आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत दुधी रंगाचा पट्टा असतो. जानेवारीत काळ्या पाठीचा सायप्रस व्हीटिअर पाहिला असं वाटलं तर पुन्हा नीट बघा.

कुरवांत आर्मेनियन कुरव महत्त्वाचा. पूर्ण वाढलेल्याचा डोळा काळसर आणि हिवाळ्यात आखूड, जाड चोचीच्या टोकाजवळ काळा पट्टा. त्याच्याशेजारी बसणाऱ्या पिवळ्या पायांच्या कुरवाचा डोळा फिकट. सडपातळ चोचीचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव ही जोडी मुंबईच्या किनाऱ्यावर पाहिली असेलच: हिवाळ्यात दुसऱ्याच्या कानामागे काळा ठिपका ठळक, पहिल्याचं कपाळ लांब उतरतं आणि डोळा फिकट.

९. बुधवार आणि रविवार

हा भाग वगळू नका. सायप्रसमध्ये शिकार कायदेशीर आणि लोकप्रिय आहे. हिवाळी हंगाम साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो आणि शिकारीचे ठरलेले वार बुधवार आणि रविवार. त्या दिवशी माळरानं, धरणांचे काठ आणि डोंगरउतार टाळा. बंदुकांचा धोका आहेच, शिवाय पक्षीही दबलेले असतात. हे दोन दिवस लार्नाकाचं सरोवर, ओरोक्लिनी आणि पाफोसचं उद्यान यांना द्या. अनारिता पार्क सोमवार, मंगळवार किंवा गुरुवारी ठेवा.

चोरटी पक्षीधर हा त्याहून वाईट प्रकार. झुडपांत डिंक लावलेल्या काड्या आणि बागांमध्ये अदृश्य जाळी लावून ब्लॅककॅप, कस्तुर असे छोटे पक्षी पकडतात आणि 'अंबेलोपूलिया' नावाने लपूनछपून खायला देतात. ते विकणं आणि खाणं दोन्ही गुन्हा आहे. कुणी आग्रह केला तर नकार द्या. बाहेर अंधारात एखाद्या पक्ष्याचा आवाज न थांबता, यंत्रासारखा चालू असेल तर तो बहुधा सापळ्याजवळचा ध्वनिक्षेपक असतो. जवळ जाऊ नका, काही तोडू नका, कुणाशी वाद घालू नका. जागेचे अक्षांश-रेखांश टिपून निघा आणि सरकारच्या शिकार व वन्यप्राणी विभागाला किंवा बर्डलाइफ सायप्रस या पक्षीसंरक्षण संस्थेला कळवा. आक्रोतिरीच्या ब्रिटिश तळाच्या हद्दीत असाल तर तिथल्या पोलिसांना. याच कारणाने तुम्हीही फोनवरून पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. आसपासच्यांना तुम्ही पक्षी धरणारे वाटाल आणि पक्ष्यालाही त्रास होतो.

१०. नोंदी आणि मेलेले पक्षी

ई-बर्डवर नोंद करताना तळ्याचं नेमकं नाव निवडा. 'लार्नाका' म्हणून चारही सरोवरांची एकत्र यादी कुणाच्याच कामी येत नाही. रोहितांची मोजणी दहा-दहाच्या गटांनी करा, थवा दाट असेल तर एका दृश्यात मावणारे पक्षी मोजून त्यावरून पुढे जा, आणि आकडा अंदाजे आहे असं लिहा. बर्डलाइफ सायप्रस दरमहा मिळणाऱ्या नोंदी गोळा करते, दुर्मीळ पक्षी दिसला तर फोटोसह त्यांना पाठवा. घुबडांच्या बसण्याच्या आणि गिधाडांच्या घरट्यांच्या जागा मात्र कुठेही उघड टाकू नका.

मेलेला किंवा डुगडुगणारा पक्षी दिसला तर हात लावू नका. शिसं असू शकतं, बर्ड फ्लूही असू शकतो. दुरून फोटो घ्या, जागा टिपा, शिकार व वन्यप्राणी विभागाला कळवा. त्या काठावर गेलेले बूट दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा.